पहिल्या गणपतीपासून दुसऱ्या गणपतीपर्यंत

आमच्या जळकोट भागात बँड जन्माला येतो तो गणपतीत. मंडळातल्या एकाकडे कॅसिओ असतो, दुसऱ्याने पुण्याहून येताना जुनी गिटार आणलेली असते, तिसऱ्याचा मामा बँजो पार्टीत पॅड वाजवत असतो. दहा दिवस आरतीनंतर सगळे मिळून वाजवतात, गल्ली दाद देते आणि विसर्जनाच्या रात्री ठरतं, की आता आपण बँडच काढायचा. नाव ठरतं, टी-शर्ट छापून येतात, तुळशीचं लग्न लागतं न लागतं तोच पहिली सुपारीही मिळते. पुढच्या गणपतीपर्यंत यातले फार थोडे टिकतात.

यंदाही काही पोरांनी सुरुवात केली आहे. गिटार, ड्रमसेट, कॅसिओ, आणि त्यांच्यासोबत हलगी. ‘‘काका, आम्ही रॉक वाजवायलाव,’’ असं एकाने मला सांगितलं तेव्हा त्याच्या डोळ्यांत जे होतं, ते टिकावं असं मनापासून वाटतं. म्हणून हा लेख त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही.

रॉक म्हटलं की आमच्याकडचा माणूस समजतो, हे मुंबईचं किंवा विलायतेचं काहीतरी. मला तसं वाटत नाही. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने तायशोगोतो हे वाद्य बनवलं. तारा ताणलेल्या आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारख्या कळा. हेच वाद्य आपल्याकडे बुलबुलतरंग झालं आणि त्याला पिकअप लावून अ‍ॅम्प्लिफायरला जोडलं तेव्हा वरातीतला बँजो झाला. रॉकवाले गिटारचा आवाज मुद्दाम फाडून घेतात, त्यासाठी वेगळी यंत्रं विकत घेतात. बँजोवाल्यांकडे तो फाटलेला, अंगावर येणारा आवाज साध्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आधीपासून निघत होता. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ हा हिंदी सिनेमा काढला. त्यातला बँजोवाला झाला आमच्या लातूरजवळच्या बाभळगावचा रितेश देशमुख, आणि संगीत दिलं विशाल-शेखर यांनी. त्यातले विशाल ददलानी म्हणजे ‘पेंटाग्राम’ या मुंबईच्या रॉक बँडचे गायक. सिनेमा कसा होता यावर मतं वेगळी असतील, पण बँजो आणि रॉक एका घरातले आहेत हे तो काढणाऱ्यांनी बरोबर ओळखलं होतं. तेव्हा पोरांनो, तुम्ही परक्याच्या दारात गेलेला नाही.

आता पहिल्या वर्षाचं बोलू.

बीटल्स हे नाव घेऊन लिव्हरपूलची पाच पोरं ऑगस्ट १९६० मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गला पोचली. त्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन सतरा वर्षांचा होता, म्हणजे आपल्याकडे बारावीत बसणारा. राहायला बांबी किनो या सिनेमागृहाच्या मागची कोंदट जागा, शेजारी संडास. इंद्रा नावाच्या क्लबात आठवड्याच्या दिवशी साडेचार तास वाजवायचं आणि शनिवार-रविवारी सहा तास. आवाजाची तक्रार झाली, इंद्रामधलं वाजवणं बंद पडलं आणि त्यांना दुसऱ्या क्लबात हलवावं लागलं. नोव्हेंबरात हॅरिसनला अल्पवयीन म्हणून परत पाठवलं. पाठोपाठ पॉल मॅकार्टनी आणि तेव्हाचा ड्रमर पीट बेस्ट यांना पोलिसांनी पकडून देशाबाहेर काढलं. बेस वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ हॅम्बुर्गलाच राहिला. डिसेंबरात जॉन लेनन घरी पोचला तेव्हा बँड म्हणावा असं फारसं हाती उरलं नव्हतं. पण २७ डिसेंबर १९६० ला लिव्हरपूलजवळच्या लिदरलँड टाउन हॉलमध्ये यातली उरलेली चौघं पुन्हा उभी राहिली आणि नाचायला आलेली गर्दी नाच सोडून स्टेजकडे धावली.

चार महिन्यांत त्यांचे हात बदलले होते. रोज इतके तास वाजवायचं, समोर दारू प्यालेले, भांडणारे, भाषा न समजणारे लोक, आणि थांबायची सोय नाही. यातून जे आलं ते खोलीत बसून आलं नसतं.

आपल्याकडे ही शाळा वरातीत भरते. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंतचं अंतर चालत दहा मिनिटांचं असतं, पण वरातीला दोन-तीन तास लागतात. तेवढा वेळ ठेका तुटून चालत नाही. एक गाणं संपायच्या आत दुसऱ्याची लय पकडायची, नवरदेवाच्या मित्राने मध्येच फर्माईश केली की कॅसिओवाल्याने मानेने खूण करायची आणि पॅडवाल्याने तिथल्या तिथे ठेका फिरवायचा. जनरेटर बंद पडला तर गिटार मुकी होते, कॅसिओ मुका होतो. त्या वेळी एकटी हलगी सगळी वरात धरून ठेवते. मी हे अनेकदा पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी त्या वाजवणाऱ्याबद्दलचा आदर वाढला आहे. एप्रिलच्या उन्हात गिटारच्या तारा सैलावून सूर उतरतो, तेव्हा दर दोन गाण्यांनी सूर तपासावा लागतो. पावसाळी हवेत हलगीचं कातडं ढिलं पडतं, ते जाळावर शेकावं लागतं. आपल्या वाद्याला हवामान कसं लागतं हे ज्याला पहिल्या वर्षात कळलं, तो पुढे फसत नाही.

दुसरी शाळा १४ एप्रिलची. भीमजयंतीच्या मिरवणुकीत वाजवणं ही सगळ्यांत अवघड परीक्षा आहे, कारण तिथे समोरच्या प्रत्येकाला प्रत्येक गाण्याचा शब्दन् शब्द पाठ असतो. वामनदादा कर्डकांची गाणी म्हणताना गायकाने एक ओळ जरी गुळमुळीत म्हटली तरी पहिल्या रांगेतली आजी त्याला ओळखते. पोरांनी ही गाणी मोबाइलमध्ये बघून म्हणू नयेत, पाठ करावीत. महात्मा बसवेश्वरांची जयंती, अण्णाभाऊंची १ ऑगस्ट, शिवजयंती, उरूस, माळेगावची खंडोबाची यात्रा, या सगळ्या ठिकाणी लोक आपलं गाणं मागतात. ते येत नसेल तर नुसतं रॉक वाजवून या भागात कुणी उभं करणार नाही, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही.

हे सगळं निभावूनही बँड मोडतात. मोडतात ते पैशावर. सूर न जमल्याने मोडलेला बँड मला आठवत नाही.

जुन्या बँजो पार्टीत एक मालक असतो. वाद्यं त्याची, टेम्पो त्याने ठरवलेला, वाजवणाऱ्याला ठरलेला रोज. ही पद्धत न्यायाची आहे असं मी म्हणणार नाही, पण ती सगळ्यांना माहीत असते. मित्रांच्या बँडमध्ये मालक नसतो आणि हिशेबही नसतो. ड्रमसेट एकाच्या बापाने सोयाबीन विकून घेतलेला, गिटार दुसऱ्याची, डिझेल तिसऱ्याने भरलेलं, आणि सुपारीचे पैसे मात्र सारखे वाटायचे. पहिले तीन-चार कार्यक्रम हे चालतं. मग ड्रमसेटचं कातडं फाटतं आणि ते कुणी बदलायचं यावरून बोलणं बंद होतं. नवरदेवावरून ओवाळून दिलेल्या नोटांचंही तसंच. त्या पुढे उभ्या असलेल्या गायकाच्या हातात पडतात, आणि मागे घाम गाळणारा बघत राहतो.

यावर माझं सांगणं साधं आहे. पहिल्याच आठवड्यात दोनशे पानी वही घ्या. वाद्यं कुणाची, ती बिघडली तर खर्च कशातून, टेम्पो आणि डिझेल आधी वजा करायचं, मग वाद्यांसाठी एक हिस्सा बाजूला ठेवायचा, उरलेलं सारखं वाटायचं, ओवाळणीच्या नोटा एकाच डब्यात. बयाणा घेताना तारीख, वेळ, गाव आणि उरलेली रक्कम लिहून समोरच्याची सही घ्या, तो सख्खा मामा असला तरी. सही मागितल्याने मामा रागावला तर दोन दिवस रागावेल, पण न मागितल्याने बँडमधले दोघे आयुष्यभर बोलत नाहीत.

मग येतो रिकामा काळ. आषाढी ते कार्तिकी लग्नं नाहीत. गणपती आणि नवरात्र सोडले तर चार महिने हाताला काम नाही, वर शेतात खुरपणी आणि पुढे सोयाबीनची काढणी. दसऱ्यानंतर काही घरं ऊसतोडीला जातात आणि त्यांच्याबरोबर हलगीवालाही. एखादा पोरगा पुण्याला कंपनीत लागतो. बँड गळतो तो याच दिवसांत. ज्यांना टिकायचं आहे त्यांनी हेच महिने नवीन गाण्यांच्या तालमीला द्यावेत, रोज जमलं नाही तर आठवड्यातून ठरलेल्या दोन संध्याकाळी, आणि त्या चुकवू नयेत.

याच महिन्यांत स्वतःचं एक तरी गाणं करावं. १९८४ मध्ये मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड सुरू झाला, महेश तिनईकर हे त्याचे गिटारवादक. सुरुवातीला ते बाहेरची इंग्रजी गाणी वाजवत. स्वतःच्या गाण्यांचा पहिला अल्बम आला १९८८ मध्ये, आणि १९९३ मध्ये नाव बदलून ते ‘इंडस क्रीड’ झाले. दिल्लीचा ‘इंडियन ओशन’ १९९० मध्ये सुरू झाला, पहिला अल्बम यायला तीन वर्षं लागली. त्यांचे राहुल राम नर्मदा आंदोलनात होते, आणि नर्मदेचं गाणं त्या बँडची ओळख होऊन बसलं. मुंबईचा ‘अभंग रिपोस्ट’ तुकोबा-ज्ञानोबांचे अभंग गिटार आणि ड्रमवर गातो आणि पंढरीचं काही माहीत नसलेल्या पोरांनाही ऐकायला लावतो. आमच्या भागात जात्यावरच्या ओव्या आहेत, गोंधळ्यांचं संबळ आहे, कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेमुळे कानावर पडणारी कन्नड-तेलुगू गाणी आहेत. ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ प्रत्येक बँड वाजवतो, तुम्हीही वाजवा. पण आपलं म्हणून जे गाणं होईल, ते आजीकडून निघेल, असं मला ठामपणे वाटतं.

आवाजाबद्दल एक. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे, आणि वस्तीत दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. पोलिसांशी हुज्जत घालण्यापेक्षा वरात तासभर आधी काढा असं यजमानाला सुपारी घेतानाच सांगा. आणि स्वतःचे कान सांभाळा. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं, यापुढे कानाला धोका सुरू होतो असं अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचं मोजमाप सांगतं. ड्रमसमोर बसणाऱ्याने आणि स्पीकरशेजारी उभं राहणाऱ्याने कानात बोळे घातलेच पाहिजेत. मेडिकलमध्ये ते मिळतात. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

आईवडिलांची धास्ती मला समजते. लातूर पॅटर्नच्या जिल्ह्यात बारावीतलं लेकरू ड्रम बडवताना दिसलं की घरात झोप उडते. ‘‘शिकायचं सोडून काय वाजवायलेत हे?’’ हा प्रश्न चुकीचा नाही. पण तालमीला जाणारं पोरगं संध्याकाळी कुठे आहे हे तुम्हाला माहीत असतं, आणि चौघांचं ऐकून घ्यायला ते शिकत असतं. अभ्यासाचे तास ठरवून द्या, परीक्षेच्या दोन महिन्यांत सुपारी घेऊ नका असं बजावा, पण गिटार माळ्यावर टाकू नका. बँडमध्ये मुलगी गात असेल तर तिला कार्यक्रमानंतर घरापर्यंत पोचवण्याची जबाबदारी सगळ्या बँडची, आणि ती कोण पार पाडणार हे निघण्याआधी ठरलेलं असावं.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गिटार धरणाऱ्या पोराला गावात आता ‘आर्टिस्ट’ म्हणतात, त्याच्याबरोबर फोटो काढतात. त्याच बँडमधला हलगीवाला, ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ही कला आहे, त्याला मात्र ‘वाजवणारा’ म्हणून मांडवाच्या कडेला थांबवतात आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर पान वाढतात. रंगमंचावर दोघे एका ओळीत उभे राहतात आणि खाली उतरताच जात मध्ये येते. ज्या बँडने ही गोष्ट पहिल्या वर्षी सहन केली, तो आतून मोडलेलाच असतो, मग नाव चालू राहिलं तरी. पोरांनी हे यजमानाला आधीच स्पष्ट सांगायला हवं: आम्ही जेवू तर सगळे एकत्र जेवू.

आणि आपण गावकऱ्यांनीही काही करायचं आहे. शाळा सुटल्यावर रिकाम्या राहणाऱ्या एखाद्या खोलीची किल्ली या पोरांना संध्याकाळी दोन तास द्या. घरात लग्न असेल तर ठरलेली रक्कम वरात मांडवात पोचायच्या आत हातावर ठेवा, उद्या या म्हणू नका. आणि जेवायच्या वेळी हलगीवाल्याला पहिल्या पंगतीत बसवा.