इंजिनिअरने गप्प बसावं का?

मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी म्हणजे एक पेपर, बस्स! त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा लेख इंग्रजी विभागाला द्यावासा वाटला नाही, कारण भांडण मराठीत झालं. तेही मेसमध्ये, वरणाच्या रांगेत.

आमचे सिव्हिलचे अर्धे सीनिअर्स जे.ई.च्या परीक्षेची तयारी करतात. मी सहज विचारलं, "उद्या साहेबांनी खोट्या बिलावर सही मागितली तर?" एक दादा म्हणाला, "करायची अन् गप बसायचं बाप्पा! सरकारचं खाऊन सरकारची बदनामी करायची नसते."

नियम त्याच्याच बाजूने आहेत. १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे राज्य सरकारच्या कर्मचाऱ्याला सरकारवर जाहीर टीका करता येत नाही, परवानगीशिवाय कागद बाहेर देता येत नाहीत. यात थोडं तथ्यही आहे. बदलीचा राग काढायला कोणीही उठून फाइल पेपरात द्यायला लागला तर ऑफिस चालायचं कसं?

पण विजय पांढरे आठवतात का? जलसंपदा खात्यात मुख्य अभियंता, नाशिकला. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी थेट वरपर्यंत पत्र लिहिलं : अंदाजपत्रकं फुगवली जातात, कामाचा दर्जा वाईट आहे, उपसा सिंचन योजनांवरचा पैसा वाया जातोय. त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणीतून निघालेला आकडा गाजत होता. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्च, आणि सिंचन क्षेत्रात वाढ ०.१ टक्का! (सरकारने नंतर श्वेतपत्रिका काढून हा आकडा खोडला.) पत्रं सप्टेंबरात पेपरात गाजली. २५ सप्टेंबरला उपमुख्यमंत्री अजित पवारांनी राजीनामा दिला, डिसेंबरात ते परत त्याच पदावर आले. मग चितळे समिती, चौकशा, कोर्ट... २०१९ मध्ये लाचलुचपत विभागाने पवारांना क्लीन चिट दिली.

"मग काय मिळालं? शेवटी पांढरे निवडणुकीलाच उभे राहिले ना!" इति दादा. राहिले, २०१४ मध्ये नाशिकमधून आम आदमी पक्षातर्फे, आणि हरले. पण दादा, पत्र फेब्रुवारी २०१२ चं आणि तो पक्ष स्थापन झाला नोव्हेंबरात. तारखा तरी बघ!

आपल्याला याचं काय? विदर्भ पाटबंधारे महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत २००९ मध्ये काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. यवतमाळ याच महामंडळाच्या हद्दीत येतं. माझ्या आजोळी शेताच्या बांधाजवळून एक कालवा जातो. त्यात मी लहानपणापासून बकऱ्याच पाहिल्या, पाणी नाही. आजोबा कापूस अजून पावसाच्या भरवशावर लावतात.

आणि सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला सरांनी मेजरमेंट बुक दाखवलं तेव्हा माझी ट्यूब पेटली. कालव्याच्या अस्तराची जाडी किती, हे काँक्रीट ओतताना तिथे उभ्या असलेल्या इंजिनिअरलाच ठाऊक असतं. नंतर ऑडिटवाल्याला दिसतो तो फक्त वहीतला आकडा. शेतकऱ्याला तर तोही दिसत नाही. मग त्या माणसाने गप्प बसायचं, तर बोलायचं कोणी?

माझं मत असं : आधी लेखी, आकड्यांसकट, वरच्या साहेबाला कळवा. थोडी वाट बघा. उत्तर आलं नाही तर लोकांना सांगा.

बोलणं सोपं आहे, माहीत आहे. सत्येंद्र दुबे आपल्यासारखाच सिव्हिलवाला, आयआयटी कानपूरचा. महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्याने थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली. नाव फुटलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्याला गोळी घातली. असं सांगणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण तो लागूच केलेला नाही. कमाल आहे!

माझे बाबाही सरकारी नोकरीत आहेत. सुट्टीत त्यांना हेच विचारलं. ते म्हणाले, "पोरी, मी दोनदा नोट लिहिली होती. दोन्हीदा बदली झाली." मला फक्त बदल्या आठवत होत्या. तिसरी शाळा बदलताना मी किती रडले होते, ते आईने लगेच काढलं.

तिसऱ्यांदा नोट लिहिली का, हे मी अजून विचारलेलं नाही.