मतदान केंद्रावरचे काम : ओझे की सेवा?

निवडणूक जाहीर झाली, की शिक्षकांना मतदान केंद्रावरील कामाचे आदेश येतात. काहीजण नाराज होतात. केंद्र दूर असते, रात्र परगावी काढावी लागते. बुलढाणा मतदारसंघात 26 एप्रिल 2024 रोजी लोकसभेसाठी मतदान झाले, ते भर उन्हाळ्यात. या तक्रारी खोट्या नाहीत. तरीही हे काम टाळू नये, असे मला वाटते.

केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी आदल्या दिवशीच साहित्य घेऊन केंद्रावर पोचतात. मतदान सकाळी 7 वाजता सुरू होते. पण त्यांचे काम पहाटेच सुरू होते. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर निदान 50 मते टाकून ते यंत्र तपासतात. ती मते पुसून यंत्राला मोहर लावतात. मग दिवसभर यादीत नाव शोधणे, सही घेणे, बोटाला शाई लावणे चालू असते. यंत्र परत जमा करेपर्यंत रात्र होते.

एवढी काळजी कशासाठी? 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी अनेक स्त्रियांनी आपले नाव सांगितले नाही. 'अमक्याची पत्नी', 'तमक्याची मुलगी' एवढीच त्यांची नोंद झाली. अशा सुमारे 28 लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. हक्क संविधानाने दिला होता. पण नोंद नीट झाली नाही, म्हणून तो त्यांना मिळाला नाही.

आजही चेहरा झाकून येणाऱ्या स्त्रीची ओळख पटवावी लागते. हे काम स्त्री अधिकाऱ्याने आडोशाला, तिचा मान राखून करावे, अशी सूचना आहे. शिक्षिका या कामाला आल्याच नाहीत, तर ही सूचना कागदावरच राहील आणि एखादी खाला मत न देताच घरी परतेल.

कोणी म्हणेल, "हे तर सक्तीचे काम. यात सेवा कसली?" हुकूम माणसाला केंद्रापर्यंत नेतो. थकलेल्या म्हाताऱ्याशी गोड बोलणे मात्र हुकमाने होत नाही. सरकारनेही केंद्रावर पाणी, सावली, स्वच्छतागृह आणि स्त्रियांना रात्री सुखरूप घरी पोचवण्याची सोय केलीच पाहिजे.

मुलांनो, मत द्यायला तुम्हाला 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतील. पण एक काम आजच करता येईल. आपल्याकडे मतदार यादी मराठीत असते. उर्दू नावे मराठीत लिहिताना कधी कधी चुका होतात. तुम्हाला दोन्ही भाषा वाचता येतात. घरातल्यांची आणि शेजाऱ्यांची नावे यादीत तपासा. चूक दिसली, तर वेळेवर अर्ज भरायला त्यांना मदत करा.