कुलूप माझं, किल्ली कुणाची?

"सिक्युअर बूट बंद करा, कटकट संपेल." एका कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचं म्हटलं की हा सल्ला हमखास मिळतो. दुकानदार देतो, यूट्यूबवरचा पोरगा देतो, आणि कबूल करतो, कित्येक वर्षं मीही देत होतो. आज त्याच सल्ल्याविरुद्ध लिहितोय. मात्र सिक्युअर बूटची आरती ओवाळायला बसलेलो नाही.

दोन सिस्टिम हव्यातच कशाला? उर्दूच्या शिक्षकाला इनपेज सुटत नाही. वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका त्या फायलींत अडकल्या आहेत आणि इनपेज हा विंडोजचा प्रोग्राम. बाकी कामाला लिनक्स उत्तम. फुकट आहे, जुन्या मशीनवरही चालतं, आणि नोटो नस्तालीक फॉन्ट टाकला की युनिकोड उर्दूही देखणी दिसते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं त्यावर शिकवतात. "सर, एकावर दोन-दोन कशाला?" असं विचारणाऱ्यांना मी सांगतो, माझ्या डोक्यात एक लिपी डावीकडून आणि एक उजवीकडून चालते, अजून टक्कर झालेली नाही.

आता कुलपाकडे येऊ. कॉम्प्युटर सुरू होताना विंडोजच्याही आधी एखादा घातक प्रोग्राम शिरला तर अँटिव्हायरसला त्याचा पत्ता लागणं कठीण. म्हणून सिक्युअर बूट दारातच सही तपासतो. ओळखीची सही असेल तर आत, नाहीतर बाहेर. कल्पना रास्त आहे. पण बाजारातल्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये कारखान्यातूनच भरलेली ओळखीची सही मायक्रोसॉफ्टची. म्हणून उबुंटू, फेडोरा यांना 'शिम' नावाचा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यावा लागतो. शिम पुढच्याची खात्री करतो, तो त्याच्या पुढच्याची. म्हणजे भाडेकरूनं शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर स्वतःच्या घरात शिरायचं!

चिठ्ठी रद्द झाली की काय होतं, ते १३ ऑगस्ट २०२४ ला दिसलं. लिनक्सच्या ग्रब या बूटलोडरमध्ये २०२२ साली सापडलेली एक खोट बुजवण्यासाठी त्या दिवशीच्या विंडोज अपडेटनं जुन्या बूटलोडरना मनाई केली. दोन सिस्टिम असलेल्या मशीनवर ही मनाई लागू होणार नाही, असं मायक्रोसॉफ्टनं सांगितलं होतं. तरी जगभर अनेकांचं लिनक्स उघडेना. पडद्यावर फक्त सुरक्षा धोरणाच्या उल्लंघनाचा संदेश. पूर्ण दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. नऊ महिने! खोट खरी होती, बुजवायलाच हवी होती. माझी तक्रार एवढीच, की माझ्या मशीनवर दोन सिस्टिम आहेत की नाहीत हे मला न विचारता ठरवलं गेलं.

मग बंदच करावा ना? थांबा. आमच्या शाळेतल्या एका आपांनी लॅपटॉपवर लिनक्स टाकायला एकाला बोलावलं. त्यानं सवयीनं सिक्युअर बूट बंद केला. पुढच्या वेळी विंडोजनं बिटलॉकरची ४८ आकडी किल्ली मागितली. निकालपत्रकं आत, आपा बाहेर. किल्ली एका ईमेल खात्यात होती. ते खातं भाच्यानं उघडून दिलेलं, आणि भाचा दुबईत. तिसऱ्या दिवशी किल्ली मिळाली. तोवर तो गृहस्थ "फॉरमॅट मारू का?" हे चारदा विचारून गेला होता.

चालू सिक्युअर बूटवरही उबुंटू आणि फेडोरा नीट बसतात. आधी बिटलॉकरची किल्ली कागदावर उतरवा, फाइलींची दुसरी प्रत ठेवा, विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, लिनक्सची ताजी आवृत्ती घ्या. एखाद्या ड्रायव्हरसाठी निळा पडदा येऊन पासवर्ड मागेल, तेव्हा घाबरून रिस्टार्ट करू नका. तिथं तुम्ही मालक म्हणून स्वतःची किल्ली नोंदवत असता. सगळ्या व्यवहारात तुमची सही लागते ती एवढ्याच ठिकाणी, आणि लोक नेमका तोच पडदा टाळतात.

ही मुभा कायमची आहे, असंही समजू नका. विंडोज ८ च्या वेळी साध्या पीसीवर सिक्युअर बूट बंद करण्याची सोय ठेवणं कंपन्यांना सक्तीचं होतं. विंडोज १० आलं तेव्हा ती सक्ती गेली, सोय द्यायची की नाही हे कंपनीनं ठरवायचं. विंडोज आरटीच्या टॅबलेटवर तर सुरुवातीपासूनच मनाई होती. म्हणून शाळेसाठी कॉम्प्युटर घेताना रॅम किती, एवढ्यावर थांबू नका. मालकाला स्वतःची किल्ली भरता येते का, सेटिंगचा पासवर्ड कुणाकडे राहणार, हे कोटेशनवरच लिहून मागा. दुकानदार तोंडाकडे बघेल. बघू दे.

आपांच्या लॅपटॉपवर आता दोन्ही सिस्टिम आहेत, सिक्युअर बूट चालू आहे. ते ४८ आकडे त्यांनी दोन वह्यांत लिहिलेत. एक शाळेच्या कपाटात, दुसरी अम्मीच्या ट्रंकेत.