सुतारकामाची धूळ व तिचें यंत्र

आमचे धाकटे बंधू बँकेच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर मागील पडवींत सुतारकाम करूं लागले, तेव्हां घरांत कोणासही नवल वाटलें नाहीं. १९३७ सालच्या वर्धा येथील शिक्षणपरिषदेनंतर झाकीर हुसेन समितीनें जी योजना आखली, तींत सूतकताईच्या बरोबरीनें सुतारकामासही स्थान होतें; तेव्हां या जिल्ह्यांत पांढरपेशा गृहस्थानें रंधा हातीं धरणें ही लाजेची गोष्ट नव्हे. प्रथम पाट झाले, मग देवघरांतील चौरंग, मग नातवाचें अभ्यासाचें मेज. परंतु पुढें हातकरवतीच्या जागीं विजेची गोल करवत आली, काचकागदाच्या जागीं गरगर फिरणारें घासयंत्र आलें, आणि त्यांच्याबरोबर एक नवाच पाहुणा घरांत येऊन राहिला.

त्यास प्रथम ओळखलें आमच्या मातोश्रींनीं. त्यांचें वय सत्त्याऐंशी, व दम्याची व्यथा जुनी. समईवर बोट फिरवून त्या म्हणाल्या, "अरे, हा भुसा नव्हे, हें पीठ आहे. भुसा खालीं पडतो, पीठ उडतें." जात्यापाशीं अर्धें आयुष्य काढलेल्या बाईस हा भेद कोणी शिकवावा लागला नाहीं. त्या आठवड्यांत दोन रात्री त्यांनीं अंथरुणांत बसून काढल्या, आणि बंधूंनीं कोणी कांहीं न बोलतांच आपलीं हत्यारें कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेविलीं.

तीं पुन्हा खालीं यावींत असें आम्हांस फार वाटे. म्हणून धूळ ओढणारें यंत्र घेण्याचें आम्हीं मनावर घेतलें, व पहिल्याच खेपेस फसलों. दुकानदारानें नळीचें तोंड आमच्या तळहातास लाविलें. हात असा कांहीं चिकटला कीं आम्हीं दुसरा प्रश्न न विचारतां तें यंत्र घरीं आणिलें. त्याची कापडी पिशवी जाडा भुसा ठेवून घेई, आणि पीठ मागच्या बाजूनें निमूटपणें पडवींत सोडून देई. पूर्वीं जी धूळ निदान एका ठिकाणीं बसे, ती आतां यंत्राच्या वाऱ्यानें घरभर पोंचूं लागली!

झरोक्यांतून आलेल्या किरणांत जो अतिसूक्ष्म रजःकण दिसतो, त्यास मनूनें त्रसरेणु हें नांव देऊन मापांतील पहिलें माप मानिलें आहे. घात करणारे कण याच जातीचे. मनुष्याचा केस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दहा मायक्रॉनांहून लहान कण बराच काळ हवेंत तरंगतात व श्वासावाटे खोल उतरतात. उन्हाची तिरीप नसेल तर ते डोळ्यांस दिसतही नाहींत. काम संपल्यावर अंधार करून विजेरीचा झोत सोडावा, म्हणजे आपलें यंत्र काय करतें तें समजतें. आमच्या यंत्राची ही परीक्षा नातवानें घेतली, आणि तें नापास झालें.

ही केवळ दमेकऱ्याची तक्रार नव्हे. इंग्लंडांत हाय विकम हें गांव खुर्च्यांसाठीं प्रसिद्ध. तेथील फर्निचरच्या कारागिरांत नाकाच्या पोकळीचा एक विरळ कर्करोग वाजवीपेक्षां फार आढळतो, असें १९६० नंतरच्या दशकांत तेथील वैद्यांनीं दाखवून दिलें. १९९५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें लाकडाच्या धुळीची गणना निश्चित कर्करोगकारक द्रव्यांत केली. ते कारागीर जन्मभर त्या धुळींत वावरलेले होते हें खरें. रविवारीं पाट करणाऱ्यानें घाबरून जाऊं नये, पण बेफिकीरही राहूं नये.

आतां निवडीविषयीं. या यंत्रांत दोन कुळें आहेत. एकाची ओढ जबर, पण हवा थोडी. त्याची नळी दीड-दोन इंचांची. हातांतील घासयंत्रास तें उत्तम. दुसऱ्यांत मोठा पंखा असतो. त्याची ओढ सौम्य, पण हवा पुष्कळ, आणि नळी चार इंचांची. मेजावरील करवतीस मिनिटास साधारण ३५० ते ४०० घनफूट हवा खेंचली जावी लागते, आणि ती या दुसऱ्याच कुळाकडून मिळते. तळहाताची परीक्षा ओढ दाखविते, हवेचें प्रमाण दाखवीत नाहीं. तेथेंच आम्ही चुकलों. अश्वशक्तीचा आंकडाही एकट्यानें फारसें सांगत नाहीं. नळी लांब, खरबरीत व वळणावळणाची असेल, तर चांगलें यंत्रही वाटेंतच थकतें.

यंत्राच्या आधीं सायक्लोनचें पिंप बसवावें. त्यांत हवा भोंवऱ्यासारखी फिरते व जड कण कडेला आपटून खालीं पडतात. खळ्यावरील उफणणीशीं त्याचें नातें जवळचें आहे. मात्र अगदीं बारीक पीठ त्यांतूनही निसटतें. तें अडविणें हें गाळणीचें काम, आणि पैसे खर्चावयाचे ते येथें. ३० मायक्रॉनांची साधी कापडी पिशवी उपयोगाची नाहीं. ती एक मायक्रॉनपर्यंतची असावी. हेपा म्हणतात ती गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडविते.

विलायती पुस्तकें सांगतात कीं गाळलेली हवा खोलींतच परत सोडावी. त्यांच्याकडे थंडी, तापविलेली हवा बाहेर घालविणें त्यांस परवडत नाहीं. वैशाखांत पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या वर्धेकरानें तें कां ऐकावें? आम्हीं भिंतीस भोंक पाडून हवा अंगणांत सोडली. मात्र प्रथम तें भोंक माजघराच्या कूलरशेजारींच पाडलें गेलें, आणि कूलर तीच हवा इमानानें आंत ओढूं लागला. आठ दिवसांत त्याच्या वाळ्यावर कणकेसारखा थर चढला. तें भोंक बुजवून दुसरें उत्तरेच्या भिंतींत पाडावें लागलें. बाहेर सोडावयाची म्हणून गाळणी मात्र काढूं नये. शेजारच्या घरींही एखाद्या मातोश्री असतात.

पहिलें यंत्र टाकून दिलें नाहीं. त्यास बारीक गाळणी बसविली, व आतां तें घासयंत्राच्या सेवेस आहे. बंधू एन-९५ मुखपट्टी बांधल्यावांचून करवत सुरू करीत नाहींत, व काम संपल्यावरही यंत्र कांहीं मिनिटें चालूं ठेवितात. विजेरीच्या झोतांत आतां थोडें दिसतें, अगदींच कांहीं नाहीं असें नव्हे. मातोश्रींच्या खोलीचें दार काम चालूं असतां बंदच असतें. त्याबद्दल त्यांची कुरकुर आहे, कारण त्यांस काम पाहावयाचें असतें.

पिंपांतील सागाचा भुसा आम्ही शेणखतांत थोडा थोडा मिसळतों. प्लायवुडचा व एम.डी.एफ.चा भुसा निराळा ठेवितों. त्यांत डिंक व रसायनें असल्यानें तो चुलींत घालीत नाहीं कीं गोठ्यांत पसरीत नाहीं. पोत्यांत बांधून तो नगरपालिकेच्या गाडींत जातो.