शिट्टी वाजवून शिकार करणारे रानकुत्रे

वाघाची शिकार ही एकट्याची शिकार असते. तो दबा धरतो, झडप घालतो, मारलेल्या जनावराजवळ एकटाच बसून खातो. पण विदर्भाच्या जंगलात वाघाचाच शेजारी असलेला एक प्राणी एकट्याने फारसे काही करीत नाही. तो म्हणजे रानकुत्रा. कोकणात आणि घाटमाथ्यावर त्याला कोळसुंदा म्हणतात.

वजन जेमतेम 12 ते 20 किलो. अंगावर तांबूस केस, शेपूट झुपकेदार आणि काळसर. गावातल्या कुत्र्यापेक्षा आकाराने फारसा मोठा नाही. असा हा प्राणी 200 किलोंचे सांबर लोळवतो. कसे? याचे उत्तर त्याच्या दातांपेक्षा त्याच्या कुटुंबात जास्त सापडते.

कामाची वाटणी

रानकुत्र्यांच्या कळपात साधारणपणे 5 ते 12 जण असतात, कधी त्याहून जास्त. बहुतेक सगळे एकमेकांचे नातलग. शिकार ते दिवसाउजेडी करतात, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी. दाट झाडीत शिरताना कळप पांगतो. काहीजण झुडपांतून पुढे सरकत चितळांना उठवतात, तर काही कडेला किंवा वाटेवर थांबतात. घाबरलेले चितळ जिकडे पळते, तिकडे आधीच कोणीतरी उभा असतो. रानात हाकारे घालून शिकार करणाऱ्या माणसांची रीत यापेक्षा फार वेगळी नव्हती.

गर्द रानात एकमेकांचा पत्ता कसा लागतो? रानकुत्रा गावठी कुत्र्यासारखा भुंकत नाही, तो शिट्टी घालतो. पांगलेला कळप या शिट्टीवर पुन्हा एकत्र येतो. पाठलाग बहुतेक वेळा थोड्या अंतरातच संपतो. चितळ तळ्यात उतरले, तर कळप काठावर वाट पाहतो किंवा स्वतः पाण्यात उतरतो.

आधी पिल्ले, मग मोठे

खरे नवल शिकारीनंतर दिसते. बरोबर आलेली पिल्ले आधी खातात आणि मोठे बाजूला थांबतात. कळपात सहसा एकाच जोडीला पिल्ले होतात, पण ती वाढवतात सगळेजण. आई बिळात पिल्लांजवळ असते, तेव्हा बाकीचे पोटभर मांस खाऊन परततात आणि त्यातले काही उलटून काढून तिला व पिल्लांना भरवतात. पिल्ले सहा महिन्यांची झाली, की मोठ्यांबरोबर शिकारीला निघतात. आठव्या महिन्यापर्यंत मोठे जनावर पाडण्यात त्यांचाही हात लागतो. त्यांची शाळा म्हणजे हा कळपच.

समुद्रात याचे मोठे रूप पाहायला मिळते. किलर व्हेल हा खरे तर डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. अंटार्क्टिकाजवळ बर्फाच्या तुकड्यावर सील बसलेला दिसला, की हे प्राणी रांगेत येऊन एकाच वेळी त्या दिशेने पोहतात. त्यातून उठलेली लाट सीलला पाण्यात ढकलते. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ ते हेरिंग माशांच्या थव्याला घेरून गोळा करतात आणि शेपटीच्या फटकाऱ्याने मासे बधिर करतात. ही विद्याही लहानांना आई-आजीच्या सहवासातच मिळते.

बक्षिसापासून संरक्षणापर्यंत

इतक्या हुशार प्राण्याच्या वाट्याला माणसाकडून मात्र बदनामीच आली. किपलिंगच्या 1895 सालच्या 'द सेकंड जंगल बुक'मध्ये दख्खनमधून आलेल्या रानकुत्र्यांची झुंड सगळ्या जंगलाचा थरकाप उडवते. धावत्या जनावराचे लचके तोडण्याची त्यांची पद्धत पाहून शिकाऱ्यांनी त्यांना क्रूर ठरवले. हरणे संपवतात, असा आरोपही होताच. ब्रिटिश अमदानीत रानकुत्रा मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळे.

1970 नंतरच्या दशकात ए. जे. टी. जॉनसिंग यांनी कर्नाटकातील बंदीपूरच्या जंगलात या प्राण्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून त्याचे कौटुंबिक जीवन जगापुढे आले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. आज ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा आणि सह्याद्री या व्याघ्रप्रकल्पांत तो आढळतो. तरीही 2004 पासून जागतिक यादीत त्याची नोंद 'संकटग्रस्त' अशी आहे. 2015 च्या अंदाजानुसार पिल्ले देऊ शकणारे प्रौढ रानकुत्रे साऱ्या जगात अडीच हजारांहूनही कमी आहेत.

धोका आपल्या अंगणातला

जंगलांचे तुकडे होणे आणि हरणे कमी होणे, ही कारणे सर्वांना माहीत आहेत. एक कारण मात्र सहसा ध्यानात येत नाही. जंगलालगतच्या गावांतील कुत्र्यांना रेबीज, डिस्टेंपर, पार्व्हो असे रोग होतात आणि ते रानकुत्र्यांना लागू शकतात. 2018 मध्ये गीरच्या सिंहांमध्येही डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. येथे कळपाची एकी हीच त्याची दुबळी बाजू ठरते. जे एकत्र खातात, एकत्र झोपतात, एकमेकांना तोंडाने भरवतात, त्यांच्यात एकाचा रोग सर्वांना व्हायला वेळ लागत नाही. जे कुटुंब सांबराला हार जात नाही, ते एका आजारी कुत्र्यापुढे हरू शकते.

उपाय मात्र आवाक्यातला आहे. जंगलाजवळच्या गावात ज्यांच्या घरी कुत्रा आहे, त्यांनी त्याला वेळेवर लस टोचून घ्यावी आणि रानात मोकळा सोडू नये. जंगल पाहायला जाणाऱ्यांनीही पाळीव कुत्रा घरीच ठेवावा. आपल्या कुत्र्याला दिलेली लस आपल्या मुलाबाळांचे रेबीजपासून रक्षण करते आणि दूर रानात कोणाच्या तरी पिल्लांनाही जगवते.