सांगितल्याशिवाय टूल पुरे होत नाही

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या प्रशासनात 2025 पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू झाला. आज ना उद्या वालावलचा एखादा बागायतदार मोबाइलवर म्हणेल, "माझा सातबारा काढ, क्षेत्र सांग आणि वारस नोंदीचा अर्ज तयार कर." हे काम एआय एजंट करील, पण कोणीतरी लिहून ठेवलेली टूल्स, म्हणजे एकेका कामाचे छोटे प्रोग्रॅम, वापरून. ती टूल्स एजंटला नीट समजावून सांगणे हे टूल लिहिण्याचेच काम आहे, असे माझे ठाम मत आहे. त्यावर चार आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप : एजंटमागचे मॉडेल आता इतके हुशार आहे की सगळे त्याचे त्याला कळते. हे खरे नाही, कारण बहुतेक वेळा एजंटला टूलचा कोड दिसतच नाही. एजंटला टूल्स जोडण्यासाठी अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल पाहा. त्यात एजंटपुढे येते ते टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि इनपुटचा साचा. एवढ्यावरच त्याला निवड करायची असते. सातबाऱ्यावरचे 0.05.20 हे क्षेत्र म्हणजे शून्य हेक्टर, पाच आर, वीस चौरस मीटर. एकूण 520 चौरस मीटर. मधले शून्य गाळून टूलने 0.5.20 असे उत्तर दिले आणि एजंटने ते हेक्टरचे दशांश धरले, तर जागा कागदावर दहापट होते. इथे हुशारी उपयोगाची नाही. आकडा कोणत्या एककात आणि कोणत्या रचनेत आहे, हे सांगावेच लागते.

दुसरा आक्षेप : माणसांसाठी मदतपुस्तिका आहे, तीच पुरे. पण त्या पुस्तिकेत स्क्रीनची चित्रे असतात, 'इथे क्लिक करा' असते, आणि अडले तर माणूस तलाठी कार्यालयात जाऊन विचारतो. गाव नमुना सहा फेरफाराचा, सात अधिकारांचा, बारा पिकांचा, आठ-अ खातेदाराच्या एकूण जमिनीचा, हे त्याला तिथे कळते. एजंट पुष्कळदा विचारत नाही. रिकामी जागा अंदाजाने भरतो आणि चुकीचे उत्तरही खात्रीच्या सुरात देतो. 'रेकॉर्ड मिळवा' आणि 'माहिती मिळवा' अशा नावांची दोन टूल्स शेजारी ठेवली, तर त्याची निवड चुकणारच.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे : आमच्याकडे दशावतारी नाटक लिखित संहितेशिवाय रात्रभर रंगते, मग इथे लिहिण्याचा अट्टहास का? दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, हे खरे. पण आख्यान आधी ठरते, संकासूर कधी येणार ते सगळ्यांना ठाऊक असते, आणि नट पुराणकथांतच वाढलेला असतो. एजंट मात्र दर वेळी नवखा येतो. कचेरीतला जुना कारकून ज्या गोष्टी मनात ठेवतो, त्या त्याच्यापर्यंत पोहोचवायला लेखनाखेरीज वाट नाही.

चौथा आक्षेप वजनदार आहे : डॉक्युमेंटेशन शिळे होते आणि शिळे डॉक्युमेंटेशन नसल्यापेक्षा वाईट. निदान बरोबर, उपचार चुकीचा. वर्णन कोडच्या शेजारीच ठेवा. कोड बदलला की त्याच बदलात तेही बदला. त्यातली उदाहरणे टेस्टमध्ये चालवून पाहा. मग टूल कधीच न पाहिलेल्या एजंटला केवळ त्या वर्णनावर दहा-बारा खरी कामे द्या. तो अडखळेल तिथे आधी वर्णन तपासा, मग मॉडेलला दोष द्या.

आता चांगले वर्णन कसे असावे, ते सांगतो. सातबारा दाखवणाऱ्या टूलसाठी मी असे लिहीन : 'एका हिस्स्याचा सध्याचा सातबारा दाखवते. कोणतीही नोंद बदलत नाही. गावाच्या नावाऐवजी गावाचा कोड द्या. सर्व्हे आणि हिस्सा वेगवेगळे द्या. 12/3 असे एकत्र देऊ नका. क्षेत्र चौरस मीटरमध्ये मिळते. एका खातेदाराची गावातली सगळी जमीन हवी असेल, तर आठ-अचे टूल वापरा.' टूल कधी वापरायचे, कधी नाही, काय द्यायचे, काय मिळेल आणि त्याने काही बदलते का, हे सात वाक्यांत आले. याहून लांबण लावली तर कामाचे त्यात बुडते. एररही अशीच बोलकी हवी. 'अवैध इनपुट' म्हणून एजंटला परत पाठवण्याऐवजी 'या सर्व्हेत हिस्सा 7 नाही. 1 ते 4 आहेत' असे सांगितले, तर पुढच्याच प्रयत्नात तो सुधारतो.

मर्यादाही लिहा. युनिक्सची पहिली नियमपुस्तिका 3 नोव्हेंबर 1971 ची. तिच्यात प्रत्येक आज्ञेच्या माहितीतच तिचे ज्ञात दोष नोंदवायला जागा होती. हा प्रामाणिकपणा आज दुप्पट हवा, कारण वाचणारा शंका न घेता पुढे जातो.

मात्र वर्णनाला कुलपाचे काम सांगू नये. 'या टूलने नोंद बदलत नाही' असे लिहिल्याने ते सुरक्षित होत नाही. बदलाचा अधिकारच त्याला देऊ नये. फेरफाराचा अर्ज दाखल होण्यापूर्वी खातेदाराची स्पष्ट संमती घेणे टूलच्या रचनेतच असावे. परक्या टूलच्या वर्णनात एजंटला फसवणाऱ्या सूचनाही दडवता येतात. म्हणून अनोळखी टूल जोडण्याआधी त्याचे वर्णन जबाबदार माणसाने वाचलेच पाहिजे.

या लेखनाचा लाभ एजंटपुरता नाही. नवा प्रोग्रॅमर, बदली होऊन आलेला अधिकारी, सेतू केंद्रातला मुलगा, सगळ्यांना तेच सात वाक्यांचे वर्णन उपयोगी पडते. म्हणून सरकारी कार्यालय असो, सहकारी संस्था असो की आंबा उत्पादकांचा संघ, सॉफ्टवेअर घेताना करारातच अट घाला : प्रत्येक टूलचे वर्णन, एकके, मर्यादा आणि उदाहरणे मिळाली पाहिजेत, ती मराठीतही असली पाहिजेत, आणि नवख्या एजंटने त्यांवरून काम करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही.