ॲव्हरेज किती देते?

आमच्या इंदिरानगरात कोणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आधी प्रश्न येतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ स्पोर्ट्‌स कारच्या फॅन मंडळींना हा प्रश्न एकदम डाऊनमार्केट वाटतो. पण दोस्तांनो, फ्रान्समधल्या ‘ल माँ’च्या २४ तासांच्या रेसमध्ये भलेभले इंजिनीअर याच प्रश्नावर डोकं फोडतात.

तिथला हिशेब साधा आहे. साडेतेरा किलोमीटरचा ट्रॅक, एक गाडी, आलटूनपालटून तीन ड्रायव्हर. २४ तासांत जो जास्त अंतर कापेल तो जिंकला. टाकी भरायला उभी राहिलेली गाडी कितीही भारी असली, तरी त्या वेळी तिचा स्पीड शून्यच!

ऑडीनं २००६ मध्ये हे गणित चक्क डिझेलनं सोडवलं. गाडीचं नाव ‘आर-१० टीडीआय’. १२ सिलिंडर, साडेपाच लिटरचं इंजिन, दोन टर्बो, ६५० हॉर्सपॉवरच्या वर ताकद आणि ११०० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त टॉर्क. कसारा घाटात गिअर न उतरवता गाडी वर खेचली जाते ना, तो टॉर्क. इथे तो इतका, की पाच गिअर पुरले. इंजिन वजनदार होतं, पण डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा जास्त, म्हणून पिटच्या चकरा कमी. आवाज तर इतका कमी, की रेस बघणारे चक्रावले. पहिल्याच वर्षी आर-१० जिंकली. ल माँ जिंकणारी पहिली डिझेल गाडी! पुढच्या वर्षी नियमवाल्यांनी डिझेलची टाकी ९० वरून ८१ लिटरवर आणली. ॲव्हरेजचा धसका, दुसरं काय!

या गाडीचा जीव होता इंजेक्टरमध्ये. कॉमन रेल सिस्टीम बॉशची, प्रेशर १६०० बारच्या वर. आपल्या कारच्या टायरमध्ये असतं जेमतेम दोन-सव्वादोन बार. एवढ्या दाबानं डिझेलचा फवारा, तोही अचूक क्षणी, २४ तास. त्याच २००६ च्या रेसमध्ये ऑडीच्या दुसऱ्या गाडीला इंजेक्टर बदलायला थांबावं लागलं आणि ती तिसरी आली. बोटाएवढ्या पार्टची ही किंमत.

इथे आपली कॉलर टाईट. त्याच बॉशचा, म्हणजे आपल्या जुन्या ‘मायको’चा, सातपूरचा कारखाना वर्षानुवर्षं डिझेलचे नोझल आणि इंजेक्टर बनवत आलाय. रेसचे पार्ट इथले होते असं मी म्हणत नाही. पण विद्या तीच, मायक्रॉनमध्ये मोजायची. आमच्या बिल्डिंगमधले एक काका शिफ्टवरून आले की सांगतात, ‘आमच्याकडे धुळीचा कणसुद्धा व्हिलन असतो.’ इतके दिवस मला ते काकांचं पुराण वाटायचं.

आर-१० पर्यंत भारतीय ड्रायव्हरही पोचला होता. २००९ मध्ये नारायण कार्तिकेयन ती चालवणार होता, पण रेसच्या तोंडावर खांदा निखळला. उरलेल्या दोघांनीच गाडी सातवी आणली.

२००६ ते २०१४, सलग नऊ वर्षं ल माँ डिझेलनंच जिंकली. मग २०१५ मध्ये ऑडीच्याच फोक्सवॅगन ग्रुपचा धुराच्या टेस्टमधला घोटाळा उघड झाला आणि २०१६ संपताना ऑडीनं ल माँचा गाशा गुंडाळला. डिझेलची हवा गेली ती गेलीच.

पण मायक्रॉनची नजर डिझेलबरोबर जात नाही, बॉस. उद्या गाड्या कशावरही चालोत, असे हात लागणारच. तेव्हा पुढच्या वेळी मायको सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकलात आणि पुढच्या स्कॉर्पिओच्या पाठीवर ‘सीआरडीई’ दिसलं, तर हॉर्न मारू नका. त्यातलं ‘सीआर’ म्हणजे कॉमन रेल. ल माँ जिंकली ती याच अक्षरांनी.